आतल्या चौकटी

आपल्या वस्त्यांतील जुनी घरे पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते. समोरच्या दाराची चौकट सागवानाची असते. घर बांधणाऱ्याच्या हाती पैसा थोडा असला तरी त्या एका चौकटीत त्याने काटकसर केलेली नसते. आतल्या चौकटी मात्र मिळेल त्या लाकडाच्या असतात. आंब्याच्या, कडुनिंबाच्या, नाहीतर कुणाच्या पाडलेल्या घरातून उचलून आणलेल्या. समोरचे दार चारचौघांसाठी आणि आतली दारे घरच्यांसाठी, असा तो हिशेब. तीस-चाळीस वर्षे हा हिशेब चालून जातो. मग वाळवी लागते, आणि ती नेमकी आतल्या चौकटींना लागते.

आम्ही दोघी जावा. एकीने सांगायचे, दुसरीने लिहायचे, असा हा लेख तयार झाला आहे. आमचे घर उत्तर नागपुरात. सासरे एम्प्रेस मिलमध्ये कामाला होते. १८७७ साली सुरू झालेली ती गिरणी आता राहिली नाही, तिच्या जागेवर मॉल उभा आहे. पण सासऱ्यांनी गिरणीच्या पगारातून १९६९ साली बांधलेले घर अजून आहे. नऊ इंची भिंती, विटा मातीत रचलेल्या, वरून सिमेंटचा गिलावा. पूर्वी कवेलू होते, नंतर पत्रे आले. समोर सपरी, मग बैठक, मधली खोली, स्वयंपाकघर आणि मागे नंतर जोडलेले न्हाणीघर व संडास. समोरची चौकट बल्लारशाच्या सागवानाची. आतल्या तीन चौकटी आंब्याच्या.

या तीन चौकटींचा विषय घरात कधीतरी निघायचाच. तो निघाला सासूबाईंमुळे. दोन वर्षांपूर्वी त्यांचे मांडीचे हाड खुब्यापाशी मोडले. शस्त्रक्रिया झाली, महिनाभराने त्या वॉकर धरून चालू लागल्या. वय ऐंशीच्या घरात, पण हिंमत दांडगी. अडचण एकच होती. त्यांची खाट मधल्या खोलीत आणि संडास मागे. वाटेत दोन चौकटी, आणि दोन्हींना तीन-तीन इंचांचे उंबरठे. दिवसा कुणीतरी वॉकर उचलून पलीकडे ठेवी आणि त्यांना हात देई. रात्री मात्र हाक मारावी लागे.

काही दिवसांनी मोठ्या नातीने आम्हाला सांगितले की, आजी संध्याकाळनंतर पाणीच पीत नाही. विचारले तेव्हा म्हणाल्या, "तुम्ही दिवसभर थकता वं पोरींनो. रात्री उठवून काय करू? पाणी नाही पेलं त उठाच लागत नाही."

उन्हाळ्याचे दिवस होते. नागपूरचा उन्हाळा वाचकांना सांगायला नको. ऐंशी वर्षांची बाई मे महिन्यात तहान मारून झोपते, कारण काय, तर वाटेत तीन इंच लाकूड आडवे आहे. त्या रात्री आम्ही दोघींनी ठरवले की ही चौकट बदलायचीच.

घरात दुसरेही एक काम निघाले होते. थोरल्यांच्या मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू होती. दोघा भावांचे मत असे की, पाहुणे येतील ते आधी समोरचे दार बघतील. तेव्हा समोरची चौकट नवी, नक्षीची बसवावी. आतले मग पाहू. पैसे दोन्हींना पुरणारे नव्हते. आम्ही भांडलो नाही. मोठ्या नातीला एक रविवार वही घेऊन मधल्या खोलीत बसवले. समोरच्या दारातून कोणी गेले-आले की एक रेघ, मधल्या दारातून गेले-आले की दुसरीकडे एक रेघ. रात्री रेघा मोजल्या. समोरच्या दाराच्या ३४, मधल्या दाराच्या १८१. धाकट्यांनी वही दोनदा मोजून पाहिली. थोरले काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी रात्रपाळीवरून येताना मिस्त्रीला सोबत घेऊन आले.

यापुढे जे लिहितो ते अशाच जुन्या घरात राहणाऱ्या वाचकांच्या उपयोगी पडावे म्हणून सविस्तर लिहितो.

सर्वांत आधी चौकट खरोखर किती गेली आहे ते पाहावे. मिस्त्रीने पेचकस घेऊन खालपासून वर टोचत नेला. जेथे पेचकस सहज आत शिरतो तेथे लाकूड संपलेले असते. वरचा ऑइलपेंट शाबूत असतो आणि आत पोकळी. उधईची ओळख म्हणजे मातीच्या बारीक नळ्या. लाकडाखाली पिठासारखी भुकटी पडत असेल तर तो भुंगा, त्याचा उपाय वेगळा. पुष्कळदा फरशी धुण्याच्या पाण्याने चौकटीचे पाय तेवढे कुजतात. अशा वेळी पूर्ण चौकट काढण्याची गरज नसते. खालचा फूट-दीड फूट कापून, तिरपा सांधा देऊन चांगल्या लाकडाचा तुकडा जोडता येतो. आमच्या बैठकीच्या चौकटीचे लाकूड मिस्त्रीने असेच वाचवण्याजोगे ठरवले. पण तिलाही रुंदी कमी होती, म्हणून तीही बदलावी लागली.

रुंदीची गोष्ट महत्त्वाची आहे. जुन्या चौकटीत मोकळी जागा २६ इंच होती. दार उघडले तरी त्याची जाडी बिजागरीपाशी दीड इंच खाऊन टाकी. उरले साडेचोवीस. आईंचा वॉकर २३ इंचांचा. तो निघे, पण मूठ धरलेल्या हातांची बोटे दोन्हीकडे घासत. त्यांच्या बोटांच्या पेरांवर खपल्या धरलेल्या असत. केंद्र सरकारने २०२१ साली अपंग आणि वृद्ध यांच्या सोयीसाठी इमारतींची जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत दाराची मोकळी जागा किमान ९०० मिलिमीटर, म्हणजे जवळपास तीन फूट सांगितली आहे. आमच्या दोन दारांना तीन फूट मिळाले. मागच्या दाराला ओट्यामुळे ३२ इंचच मिळाले, पण तेवढ्यानेही काम झाले. मापाची पट्टी भिंतीला लावण्याआधी घरातील माणसाला लावावी. वॉकर, खुर्ची, काखेतील कुबडी, जे काही असेल ते दारात प्रत्यक्ष उभे करून मग आकडा ठरवावा.

दुसरे काम म्हणजे चौकटीच्या डोक्यावर काय आहे ते पाहणे. हे न पाहता कुणी चौकटीला हात लावू देऊ नये. नव्या बांधकामात दारावर सिमेंटचा लिंटेल असतो, भिंतीचा भार तो घेतो आणि चौकट नुसती उभी असते. जुन्या घरात तसे नसते. आमच्याकडे गिलावा खरवडून पाहिला तेव्हा दोन दारांवर लाकडी पाटे निघाले, तेही उधईने पोखरलेले. तिसऱ्या दारावर काहीच नव्हते, विटा थेट चौकटीवर बसल्या होत्या. म्हणजे पन्नास वर्षांहून अधिक काळ ती आंब्याची चौकट भिंत डोक्यावर घेऊन उभी होती. अशी चौकट एकदम ओढली तर वरच्या विटा खाली येतात, आणि मातीतले बांधकाम असल्याने त्या एक-दोन येऊन थांबत नाहीत.

त्यासाठी मिस्त्रीने आधी अंगणात साडेचार फुटांचे तीन लिंटेल ओतून घेतले. चार सळया, त्यांना रिंगा, वर काँक्रीट. दाराच्या दोन्ही बाजूंना भिंतीत निदान सहा-सहा इंच टेकला पाहिजे, म्हणून लांबी एवढी. त्यावर चौदा दिवस पाणी मारायचे होते. हे काम आईंनी आपल्याकडे घेतले. मागच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसायच्या आणि नळी धरायच्या. शेजारची बाई म्हणाली, "काय करता माय?" तर म्हणाल्या, "माह्या दाराले पाणी घालून राह्यली."

ही तयारी चालू असताना लाकूड पाहिले. सागवान उत्तम, पण नव्या सागवानाचा भाव आपल्या खिशाला पेलणारा नाही. साल मजबूत असते, मात्र कच्चे असेल तर वाकते. लोखंडी पत्र्याच्या चौकटीला उधईची भीती नाही, पण ओलीत पायाशी गंज धरतो. सिमेंटची चौकट स्वस्त पडते, तिच्यात बिजागऱ्यांची जागा आधीच नीट सोडलेली असावी लागते, नंतर ठोकाठोक करता येत नाही. प्लास्टिक आणि भुशाच्या मिश्रणाच्या चौकटीही आता मिळतात. त्यांना पाणी लागत नाही, पण स्क्रूची पकड आणि वजन पाहून घ्यावे. आम्ही पाडलेल्या घरांचे लाकूड विकणाऱ्याकडून जुन्या सागवानाचे वासे घेतले. जुने लाकूड मुरलेले असते, ते पुन्हा वाकत नाही. त्यावर चुंबक फिरवून खिळे शोधले, कारण एक खिळा राहिला तरी आरामशीनचे पाते जाते आणि मशीनवाला काम घेत नाही. न्हाणीकडच्या दाराला मात्र दगडी चौकट बसवली. तेथे रोजची ओल आहे.

हिशेबही सांगतो, म्हणजे दुकानदाराशी बोलताना सोपे जाईल. चार बाय अडीच इंचांचे लाकूड, दोन उभे खांब सात-सात फुटांचे आणि वरची आडवी साडेतीन फुटांची, असे साडेसतरा फूट होते. हे साधारण सव्वा घनफूट भरते. उंबरठा घातला तर त्यात पाव घनफूट वाढते. आम्हाला उंबरठा नकोच होता.

कामाला कोणता दिवस धरायचा असे मिस्त्रीने विचारले. नारळ-लिंबाची यादी तो सवयीने सांगू लागला होता. आमच्याकडे मुहूर्ताचा प्रश्न नव्हता. थोरल्यांची रात्रपाळी नसावी आणि सुताराला सवड असावी, एवढेच पाहिले. मिस्त्री हसला. म्हणाला, "वहिनी, हे बरं आहे. नाहीतर लोक मुहूर्त साधतात अन् ओळंबा चुकवतात."

एका वेळी एकच चौकट काढायची, हा त्याचा नियम होता. आधी चौकटीच्या वरच्या बाजूला भिंतीत दोन भोके पाडून त्यांतून आडव्या बल्ल्या आरपार घातल्या आणि दोन्हीकडून टेकू दिले. भार टेकूंवर आला तेव्हा चौकटीचा उभा खांब करवतीने मधोमध कापला आणि पहारीने दाराच्या मोकळ्या जागेकडे ओढून काढला. भिंतीतल्या अडकवण्या अशाने विटा न उखडता सुटतात. गिलावा आधी यंत्राने सरळ रेषेत कापून घेतला होता, म्हणून सारी भिंत सोलून निघाली नाही. मोठा हातोडा चालवू दिला नाही. मातीतल्या विटांना धक्का सोसत नाही.

चौकट निघाल्यावर भिंतीत उधईची वाट स्पष्ट दिसली. जमिनीतून वर, विटांच्या सांध्यातून थेट लाकडापर्यंत. नुसते लाकूड बदलले असते तर नव्या लाकडाची मेजवानी झाली असती. फरशी आणि भिंत मिळतात त्या कडेने फुटाफुटावर भोके पाडून औषध भरले. हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे आणि त्या दिवशी मुले, पिण्याचे पाणी, धान्याचे डबे त्या खोलीत ठेवू नयेत.

मग लिंटेल चढला, चार दिवसांनी चौकट उभी राहिली. उंबरठा नसलेल्या चौकटीचे पाय मोकळे असतात, ते सिमेंट भरताना फाकतात. म्हणून खाली एक आडवी पट्टी तात्पुरती ठोकली आणि सिमेंट घट्ट झाल्यावर काढली. ओळंबा दोन बाजूंनी पाहिला. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपी दोरी धरली, दोन्हीकडून सारखी भरली म्हणजे चौकट काटकोनात. भिंतीला लागणाऱ्या बाजूवर डांबर फासले. प्रत्येक खांबाला तीन अडकवण्या, त्या काँक्रीटमध्ये पक्क्या केल्या. रुंद दाराचे वजन जास्त, म्हणून दोनऐवजी तीन बिजागऱ्या. न्हाणीघर आणि संडास यांची दारे आम्ही बाहेर उघडणारी करून घेतली. म्हातारे माणूस आत पडले तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगाने अडते आणि बाहेरच्यांना ढकलता येत नाही. कडीही अशी लावली की वेळप्रसंगी बाहेरून उघडता यावी.

उंबरठा काढला तर न्हाणीचे पाणी घरात येईल, अशी भीती सगळ्यांना होती. ती रास्त आहे. उंबरठा उगाच नसतो, तो पाणी अडवतो, उंदीर-विंचू अडवतो. म्हणून न्हाणीची फरशी उताराची करून घेतली आणि दारात अर्ध्या इंचाची, दोन्हीकडून उतरती पट्टी ठेवली. वॉकर त्यावरून घसरत जातो, पाणी मात्र येत नाही. उंदरांसाठी दाराच्या खालच्या कडेला रबराची पट्टी लावली.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. निघालेल्या जुन्या चौकटी पाहून शेजारच्या दोघी-तिघींनी पाणी तापवायला मागितल्या. आम्ही दिल्या नाहीत. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसे असू शकते. घरगुती रंगांतील शिशावर कडक मर्यादा घालणारा नियम २०१६ साली झाला आणि २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगांचा भरवसा नाही. असे लाकूड चुलीत घातले तर शिसे धुरात आणि राखेत उतरते. कोरडे घासले तर धूळ उडते आणि रांगणाऱ्या मुलांच्या तोंडात जाते. रंग खरवडायचाच तर ओला करून खरवडावा आणि खोली ओल्या फडक्याने पुसावी.

एकंदर काम तीन आठवडे चालले. बचत गटातून २५ हजार उचलले, बाकीचे दोघा भावांनी घातले. चार दिवस स्वयंपाकघर बंद होते तेव्हा शेजारच्या घरातून भाकरी आल्या. घरभर धूळ झाली, भांडी तीनदा घासली. समोरच्या चौकटीला फक्त तेलपाणी केले. सासऱ्यांनी घेतलेले लाकूड होते, ते अजून खणखणीत आहे.

पाहुणे ठरल्या दिवशी आले. समोरच्या दाराबद्दल कुणी काही बोलले नाही. मुलाच्या आईचे गुडघे दुखतात, त्या हळूहळू चालत बैठकीतून स्वयंपाकघरापर्यंत आल्या, खाली पाहिले आणि म्हणाल्या, "इथं उंबरठा नाही वाटते?" एवढेच. पुढे बोलणी जमली. ती मुलीच्या आणि मुलाच्या पसंतीने जमली, दारामुळे नव्हे.

आपल्या भाषेत बाईचे सारे आयुष्य उंबरठ्याशी बांधलेले आहे. घराबाहेर पडली तर उंबरठा ओलांडला, लग्न होऊन आली तर उंबरठ्यावरचे माप ओलांडले. आईंना आम्ही विचारले, उंबरठा काढला त्याचे वाईट तर नाही वाटले? लग्न होऊन आल्या तेव्हा हे घरच नव्हते, पण या घरातील प्रत्येक उंबरठा त्यांनी हाताने सारवला, पुसला होता. त्या म्हणाल्या, "उंबरठा गेला त गेला. मी त जाऊन येतो नं आता माही मी."

आता त्यांच्या उशाशी तांब्या भरलेला असतो. सकाळी तो रिकामा असतो. रात्री कधीतरी वॉकरची टकटक ऐकू येते, मधल्या दारातून मागे जाते आणि थोड्या वेळाने परत येते. आम्ही जाग्या असतो, पण उठत नाही. त्यांना तेच हवे आहे.

ज्यांच्या घरी म्हातारी माणसे आहेत, अपंग मूल आहे, बाळंतीण यायची आहे, त्यांनी एकदा आपल्या आतल्या दारांकडे बघावे. पैसे कमी असतील तर तिन्ही चौकटी एकदम बदलायची गरज नाही. खाटेपासून संडासापर्यंतची वाट आधी मोकळी करावी. लाकूड चांगले असेल तर मिस्त्रीकडून नुसता उंबरठा कापून घेता येतो, मात्र चौकटीवर भार आहे का ते पाहून, आणि पाय भिंतीला पक्के करून. समोरचे दार वाट पाहू शकते. ते वर्षातून चार वेळा पाहुण्यांच्या नजरेस पडते. घरच्या माणसाला मात्र आतल्या दारातून रोज जायचे असते, आणि रात्री तहान लागली तर पोटभर पाणी प्यायचे असते.